शेवट असलेल्या गोष्टी

गेल्या वर्षी १५ सप्टेंबरला, सोमवारी पहाटे, लॉस एंजेलिसमधील ७७व्या एमी पुरस्कार सोहळ्याच्या बातम्या वृत्तसंस्थांकडून येऊ लागल्या, तेव्हा आमच्या वृत्तकक्षात पहिला वाद झाला तो एका शब्दावरून. ‘लिमिटेड सिरीज’ला मराठीत काय म्हणायचे? ‘मर्यादित मालिका’ असे लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे पतसंस्थेची पाटी उभी राहते. ‘लघुमालिका’ म्हणावे, तर ती लहान मुलांची असावी असे वाटते. शेवटी इंग्रजी शब्दच देवनागरीत छापून आम्ही सुटलो. पण तो प्रश्न निव्वळ भाषांतराचा नव्हता, हे नंतर लक्षात आले. मराठी प्रेक्षकाच्या लेखी ‘मालिका’ म्हणजे रोज रात्री ठरलेल्या वेळी येणारी, भागांची शंभरी-पाचशेवी साजरी करणारी आणि कधी संपेल हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसणारी गोष्ट. चार भागांत सुरू होऊन चार भागांत संपणाऱ्या गोष्टीसाठी आपल्याकडे रुळलेला शब्द नाही, कारण ती वस्तूच आपल्या घरात फारशी आलेली नाही.

तिकडे मात्र २०२५ हे वर्ष याच प्रकाराचे ठरले. ११ जानेवारीला गोल्डन ग्लोब पुरस्कार जाहीर झाले आणि त्या वर्षाच्या कौतुकाचा हिशेब बराचसा पूर्ण झाला. ‘अ‍ॅडोलेसन्स’ या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेने एमीमध्ये आठ पुरस्कार घेतले होते. सर्वोत्कृष्ट लिमिटेड सिरीज, दिग्दर्शन, लेखन आणि तीन अभिनेत्यांचे गौरव त्यांत होते. गोल्डन ग्लोबमध्ये तिला आणखी चार मिळाले. ओवेन कूपर हा १५ वर्षांचा मुलगा अभिनयाचा एमी मिळवणारा आजवरचा सर्वांत लहान पुरुष कलाकार ठरला. त्याची ही पहिलीच भूमिका होती.

एमीच्या या गटात ‘अ‍ॅडोलेसन्स’सोबत आणखी चार नामांकने होती. त्यांपैकी ‘द पेंग्विन’ ही बॅटमनच्या जगातील गुन्हेगारी कथा संख्येने पुढे राहिली. तिला नऊ पुरस्कार मिळाले, पण त्यांतील बहुतेक तांत्रिक विभागांतले होते. मुख्य सोहळ्यात क्रिस्टिन मिलिओटी हिला अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. ‘डाइंग फॉर सेक्स’ ही असाध्य कर्करोग झालेल्या मॉली कोचन यांच्या खऱ्या आयुष्यावरची मालिका. मिशेल विल्यम्सला त्याबद्दल गोल्डन ग्लोब मिळाला. मृत्यूविषयी इतके विनोदी आणि तरीही इतके प्रामाणिक लेखन दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसते. ‘ब्लॅक मिरर’ या यादीत कशी, हे मात्र कोडेच आहे. तिचे हे सातवे पर्व. या गटाच्या सीमा सोयीनुसार सरकतात, हे जुनेच. ‘द व्हाइट लोटस’ २०२२मध्ये लिमिटेड सिरीज म्हणून जिंकली आणि मग पुढची पर्वे काढून दुसऱ्या गटात गेली. ‘शोगुन’ही याच नावाखाली आली होती, यश दिसताच पुढील पर्वांची घोषणा झाली आणि ती मोठ्या मालिकांच्या गटात स्पर्धेला उतरली. शेवटाचे वचन देणे सोपे, ते पाळणे यशाच्या दिवसांत कठीण जाते.

विशेष कार्यक्रमांविषयी थोडक्यात सांगता येईल. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या पन्नाशीचा फेब्रुवारीतील थेट सोहळा अपेक्षेप्रमाणे पुरस्कार घेऊन गेला. कॉनन ओब्रायन यांना केनेडी सेंटरमध्ये मार्क ट्वेन पारितोषिक देण्यात आले, त्या कार्यक्रमाचे चित्रण अधिक लक्षात राहिले. अध्यक्ष ट्रम्प यांनी त्या संस्थेची सूत्रे नुकतीच स्वतःकडे घेतली होती आणि त्याच रंगमंचावर विनोदी कलाकार एकामागून एक येऊन बोलत होते. बाकीचे विशेष कार्यक्रम वर्ष उलटताच विसरले जातील.

विसरली जाणार नाही ती ‘अ‍ॅडोलेसन्स’. यॉर्कशायरमधील एका गावात पहाटे पोलीस दार फोडून एका घरात शिरतात आणि १३ वर्षांच्या जेमी मिलरला शाळेतील मुलीच्या खुनाच्या संशयावरून पकडतात. येथून गोष्ट सुरू होते. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांनी ती लिहिली, फिलिप बॅरन्टिनी यांनी दिग्दर्शित केली आणि ग्रॅहम यांनीच त्यात मुलाच्या वडिलांची भूमिका केली. प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात घेतला आहे. कुठेही काप नाही. कॅमेरा एका छायाचित्रकाराकडून दुसऱ्याच्या हाती जातो, गाडीवर बसतो, दुसऱ्या भागाच्या अखेरीस तर ड्रोनला अडकून शाळेवरून उडत जाऊन खुनाच्या जागी उतरतो. पहिल्या भागासाठी दुसऱ्या वेळचे चित्रण वापरले, दुसऱ्यासाठी तेराव्या, तिसऱ्यासाठी अकराव्या आणि चौथ्यासाठी सोळाव्या वेळचे. एखादे वाक्य चुकले की सुमारे तासाभराचे काम पुन्हा पहिल्यापासून.

या करामतीचे कौतुक पुष्कळ झाले. नाटकाची परंपरा असलेल्या आपल्या प्रांतात त्याचे अप्रूप थोडे कमीच वाटावे. जत्रेच्या रात्री मांडवात उभा राहणारा नटही मध्येच थांबून ‘पुन्हा घेऊ’ म्हणत नाही. खरा मुद्दा वेगळा आहे. चित्रणात काप नसला की प्रेक्षकाला सुटका नसते. संकलक एरवी आपल्याला नको त्या क्षणातून बाहेर काढतो, पुढच्या महत्त्वाच्या जागी नेऊन ठेवतो. येथे पोलिसांच्या गाडीतला तो प्रवास पूर्ण करावा लागतो, मुलाची अंगझडती होत असताना बापाच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहावे लागते. वडिलांना जितका वेळ लागला, तितकाच आपल्यालाही लागतो.

तिसरा भाग या मालिकेचा गाभा. अटकेला सात महिने झाले आहेत, एक खोली आहे, एक टेबल, मानसशास्त्रज्ञ आणि मुलगा. एरिन डोहर्टी यांची ती तज्ज्ञ त्याच्यासाठी गरम चॉकलेट घेऊन येते, आपल्या सँडविचचा अर्धा भाग त्याला देते, आणि मग हळूहळू त्या मुलाच्या आत साचलेला राग, मुलींविषयीची घृणा आणि त्याच वेळी कुणीतरी आपल्याला आवडते म्हणावे ही केविलवाणी भूक बाहेर येऊ लागते. तो ओरडतो, कप भिरकावतो, लगेच माफी मागतो, पुन्हा लाघवी होतो. भाग संपताना ती स्त्री थरथरत उभी असते. का मारले, याचे एका वाक्यातील उत्तर तिलाही मिळत नाही आणि आपल्यालाही नाही.

त्याआधीच्या शाळेच्या भागात तपास अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा समजावून सांगतो की, इन्स्टाग्रामवर त्या मुलीने टाकलेली चिन्हे मैत्रीची नव्हती. राजम्याचा दाणा, फुटणारी लाल गोळी, शंभराचा आकडा. प्रौढांना जे निरागस चित्र वाटले, ते मुलांच्या सांकेतिक भाषेत ‘तुला कधीच कुणी मुलगी विचारणार नाही’ अशी हेटाळणी होती. पोलिसांकडे सगळा पुरावा होता, पण तो वाचता येत नव्हता. माझ्या मते पूर्ण मालिकेतले सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य हेच. त्यात रक्त नाही, आरडाओरडा नाही, फक्त एका बापाला आपल्या मुलाची लिपी येत नाही.

एक दोषही नोंदवला पाहिजे. मारली गेलेली मुलगी, केटी, या चार तासांत जवळजवळ कुठेच नाही. मालिकेला याची जाणीव आहे. सगळे जेमीला लक्षात ठेवतील, केटीला कोणी नाही, असे पोलीस अधिकारी मिशा फ्रँक स्पष्ट बोलून दाखवते. पण उणीव बोलून दाखवल्याने भरून निघत नाही. केटीची आई, तिचे घर, तिची खोली यांना एक भाग मिळाला असता तर ही कलाकृती अधिक न्यायी झाली असती.

चौथ्या भागात वडिलांचा पन्नासावा वाढदिवस आहे. त्यांच्या गाडीवर कुणीतरी शिवी रंगवून ठेवली आहे. ती पुसण्यासाठी रंग आणायला सारे कुटुंब निघते आणि वाटेतच जेमीचा फोन येतो: मी गुन्हा कबूल करणार आहे. घरी परतल्यावर आई-वडील खोलीत बसून आपले कुठे चुकले ते शोधू लागतात. मुलगा शाळेतून आला की वर आपल्या खोलीत जाई, दार लावून घेई, संगणकापुढे बसे. घरात होता, म्हणजे सुरक्षित होता, असे त्यांना वाटत आले. हा भाग मी बहिणीच्या घरी तिच्यासोबत पाहिला. तिचा मुलगा आठवीत आहे. या संवादापाशी ती काही न बोलता उठली आणि त्याच्या खोलीचे दार किलकिले करून आली.

आणि मालिका तिथेच संपते. दुसरे पर्व येण्याची वाट पाहण्याजोगे काही शिल्लक ठेवत नाही. खटल्यात काय झाले, शिक्षा किती झाली, ते सांगत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की, या प्रकाराची ताकद त्याच्या संपण्यात आहे. न संपणारी मालिका प्रेक्षकाला उद्या रात्रीसाठी खुर्चीत बसवून ठेवते. खलनायिकेचे कारस्थान उघड झाले तर पुढच्या आठवड्याची बेगमी काय, म्हणून ते उघड होऊ दिले जात नाही. संपणारी गोष्ट प्रश्न प्रेक्षकाच्या पदरात टाकून निघून जाते. मग त्याचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

ब्रिटनमध्ये सरकारने काय ठरवले, हे पाहण्यासारखे आहे. १३ मार्च २०२५ला नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम ठरली. स्ट्रीमिंगवरील एखाद्या कार्यक्रमाने तेथील पारंपरिक वाहिन्यांना मागे टाकण्याची ती पहिलीच वेळ. जगभरात तिला १४ कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी आपण ती किशोरवयीन मुलांसोबत पाहिल्याचे संसदेत सांगितले. बोलताना एकदा त्यांच्या तोंडून तिच्यासाठी ‘डॉक्युमेंटरी’ असा शब्द गेला. ३१ मार्चला लेखक-निर्मात्यांना आणि बालकल्याण संस्थांना त्यांनी निवासस्थानी बोलावले आणि ती माध्यमिक शाळांना विनामूल्य उपलब्ध होईल, असे जाहीर झाले. विरोधी पक्षनेत्या केमी बेडनॉक यांनी आपण ती पाहिलेली नाही असे सांगितले, तर त्यावरूनच टीका झाली.

पंतप्रधानांची ती चूक किरकोळ नव्हती. ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही कल्पित कथा आहे. चाकूने मुलींवर झालेल्या काही खऱ्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून ग्रॅहम अस्वस्थ झाले आणि त्यातून ती सुचली, पण ती कोणा एका घटनेची हकिगत नाही. कथा पुरावा म्हणून वापरली, की तिच्यातल्या अनिश्चित जागा धोरणकर्त्याला दिसेनाशा होतात. थॉर्न यांनी मुलाच्या हातून खून घडण्यामागे इंटरनेट, शाळा, बापाचा राग, मुलाचा न्यूनगंड असे अनेक धागे सैल सोडले आहेत. त्यांपैकी ‘मोबाइल’ हा एकच धागा ओढणे राजकारणाला सोपे जाते.

याच्या शेजारी ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ठेवून पाहावी. आयटीव्हीने १ ते ४ जानेवारी २०२४ या चार रात्री दाखवलेल्या या मालिकेला २०२५च्या मे महिन्यात बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट मर्यादित नाट्यमालिकेचा पुरस्कार मिळाला. तिच्यातली माणसे खरी आहेत. ब्रिटिश टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या संगणकप्रणालीत खोटी तूट दिसत असे, आणि ती तूट म्हणजे अपहार समजून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक गावोगावचे टपालचालक दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरे विकली. ही माहिती गुप्त नव्हती. ‘कॉम्प्युटर वीकली’ने २००९पासून ती छापली होती, अ‍ॅलन बेट्स आणि त्यांचे सहकारी २०१९मध्ये न्यायालयात जिंकलेही होते. पण देश हलला तो चार रात्रींच्या नाट्याने. टपाल खात्याच्या माजी प्रमुखांचा सन्मान काढून घ्यावा या मागणीवरील सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या, त्यांनी तो स्वतःहून परत केला, आणि २४ मे २०२४ला संसदेने त्या सर्व शिक्षा एका कायद्याने रद्द केल्या. लहान माणसांच्या बाबतीत पंधरा वर्षे चाललेला अन्याय पाच महिन्यांत पुसायला घेतला गेला.

येथे नाट्याने जे केले ते पत्रकारितेचे ओझे पुढे नेण्याचे काम होते. तथ्ये सिद्ध होती, त्यांना चेहरे हवे होते. ‘अ‍ॅडोलेसन्स’च्या मागे सिद्ध झालेले असे काही उभे नाही. ती प्रश्न विचारते. पहिल्या प्रकारच्या मालिकेवरून कायदा होऊ शकतो. दुसरीवरून चर्चा व्हावी, आणि कायद्याचा आधार अन्यत्र शोधावा.

आपल्याकडे १९८८मध्ये याहून सावध उदाहरण घडले होते, ते आज विस्मृतीत गेले आहे. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही फाळणीवरील मालिका जानेवारीत दूरदर्शनवर सुरू झाली आणि तिने धार्मिक तेढ वाढेल म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. प्रसारणाला स्थगिती मिळाली. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने सबंध मालिका बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तेच मान्य केले. न्यायमूर्तींनी निर्णयाआधी पूर्ण कलाकृती पाहिली, ही साधी गोष्ट आज नोंदवण्याजोगी वाटावी, असे दिवस आले आहेत.

पुरस्कारांच्या झगमगाटात एक बाब झाकली गेली, ती पैशाची. ‘मिस्टर बेट्स’ने देश ढवळला, एक कोटीहून अधिक लोकांनी ती पाहिली, आणि तरीही तिच्यावर आपल्याला सुमारे दहा लाख पौंडांचा तोटा झाला असे आयटीव्हीच्या वरिष्ठांनी सांगितले. ब्रिटिश टपालचालकांची गोष्ट परदेशी खरेदीदारांना फारच स्थानिक वाटली. ‘वुल्फ हॉल’चा दुसरा भाग पूर्ण व्हावा म्हणून दिग्दर्शक पीटर कोझमिन्स्की, अभिनेते मार्क रायलन्स आणि इतरांना आपल्या मानधनातला वाटा सोडावा लागला. स्ट्रीमिंग कंपन्यांच्या तेथील उत्पन्नावर ५ टक्के आकारणी करून तो पैसा स्थानिक नाट्यनिर्मितीला द्यावा, अशी सूचना कोझमिन्स्की यांनी मांडली. संसदीय समितीने एप्रिल २०२५मध्ये ती उचलून धरली. सरकारने ती स्वीकारली नाही.

‘अ‍ॅडोलेसन्स’ला नेटफ्लिक्सचा पैसा होता, हे खरे. पण ग्रॅहम घडले ते ‘धिस इज इंग्लंड’सारख्या चॅनल फोरच्या कामांतून, आणि थॉर्न यांचे लेखनही त्याच सार्वजनिक वाहिन्यांच्या शाळेत पिकले. त्यांचीच ‘टॉक्सिक टाउन’ ही चार भागांची मालिका गेल्या फेब्रुवारीत आली. कॉर्बी शहरात बंद पोलाद कारखान्याचा विषारी राडा निष्काळजीपणे उघड्यावरून वाहून नेला गेला, त्याच काळात तेथे व्यंग असलेली मुले जन्मली, आणि त्यांच्या आयांनी नगर परिषदेला २००९मध्ये न्यायालयात हरवले. पुरस्कारांच्या यादीत ती मागे पडली, पण गोव्यात बसून ती पाहताना डिचोली-सांगे पट्ट्यातली लाल धूळ आठवल्यावाचून राहत नाही. शाह आयोगाने २०१२मध्ये बेकायदा खनिज उत्खननाचा आकडा सुमारे ३५ हजार कोटी रुपये सांगितला. ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. अहवाल, निकाल, आकडे सारे आपल्यापाशी आहे. त्या धुळीत वाढलेल्या घरांची आणि खाण बंद झाल्यावर दारात ट्रक उभा करून बसलेल्या घरांची, दोन्ही बाजूंची, चार भागांची गोष्ट मात्र नाही. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४पासून पडून आहे. बेळगावच्या एखाद्या कुटुंबातील तीन पिढ्या हा विषय लेखकाला कमी पडावा असा नाही.

असे काही मराठीत होऊच शकत नाही, हे म्हणणेही खोटे. २०२४च्या ऑक्टोबरात सोनी लिव्हवर आलेली ‘मानवत मर्डर्स’ आपल्याच परभणीच्या मातीतली, ठरावीक भागांत संपणारी मालिका होती. आणि त्याच वर्षी पणजीतच एक गोष्ट घडली, जिच्याकडे आपण, वृत्तपत्रांसह, पुरेसे पाहिले नाही. ५५व्या इफ्फीत सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार निपुण धर्माधिकारी यांच्या ‘लंपन’ला मिळाला. प्रकाश नारायण संतांचा लंपन. सीमाभागातल्या कानडी-मराठी मिश्र बोलीतला, आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. हिंदी मालिकांच्या गर्दीत आपल्या भाषेने हा मान मिळवला आणि आम्ही तो आतल्या पानावर दोन स्तंभांत छापला. ती चूक आमचीच.

जेमी आणि लंपन यांना एकापाठोपाठ एक पाहिले, की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. लंपन सारखा घराबाहेर असतो. रेल्वेच्या रुळांकडे, शेतात, तळ्यावर, मित्रांबरोबर. आजीला तो नेमका कुठे आहे हे माहीत नसते, पण तो कोणत्या जगात आहे हे माहीत असते, कारण त्या जगातला प्रत्येक माणूस तिच्या ओळखीचा. जेमी घरातच आहे. आई-वडिलांना तो कुठे आहे हे तंतोतंत माहीत आहे, आणि तो कोणत्या जगात आहे याचा पत्ता नाही. लंपनचे दिवस परत आणा, असे येथे सुचवायचे नाही. ते येणार नाहीत, आणि तेव्हाच्या मुलांचीही दुःखे काही कमी नव्हती. संतांनी ती लिहून ठेवली आहेत.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबरपासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी झाली. जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर नाही, कंपन्यांवर आहे, आणि दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. जानेवारीत गोव्याचे माहिती तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे यांनी अशा प्रकारची बंदी येथे आणता येईल का, याचा विचार सुरू असल्याचे सांगितले. पालकांमध्ये त्याचे स्वागत झाले यात नवल नाही. ज्यांनी ‘अ‍ॅडोलेसन्स’ पाहिली, त्यांना तर तो तिचाच पुढचा भाग वाटला असेल.

येथेच थोडे थांबले पाहिजे. दूरसंचार हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय. राज्याने स्वतंत्र बंदी घातली तर ती न्यायालयात कितपत टिकेल, हा पहिला प्रश्न. १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरण्यापूर्वी पालकांची संमती पडताळून घेण्याचे बंधन २०२३च्या केंद्रीय कायद्यात आहेच. त्याची अंमलबजावणी नीट करून घेणे हे बंदीच्या घोषणेइतके ठळक मथळ्याचे काम नाही, पण हाताशी असलेले आहे. दुसरे असे की, ऑस्ट्रेलियाच्या यादीतील दहा माध्यमांत व्हॉट्सअ‍ॅप नाही. आपल्याकडे वर्गाचा गट, शिकवणीचा गट, क्रिकेटचा गट हे सारे व्हॉट्सअ‍ॅपवरच चालते. अनेकदा आईच्या किंवा थोरल्या भावाच्या क्रमांकावरून. मुलांची चिडवाचिडवी जिथे होते ती जागा कायद्याच्या बाहेर राहिली आणि राजम्याचा दाणा इन्स्टाग्रामवरून तिकडे गेला, तर तो वाचणार कोण?

बंदी नको असे म्हणण्याइतका मी ठाम नाही. आठवीतल्या मुलाच्या आईला ‘चर्चा करा’ असे सांगणे सोपे आहे, रात्री साडेअकरा वाजता त्याच्या हातातून मोबाइल काढून घेणे तिलाच करावे लागते. तिला कायद्याचा आधार मिळाला तर तो हवाच आहे. पण विधेयकाचा मसुदा होण्यापूर्वी शिक्षण खात्याने निदान एवढे करावे: नववी-दहावीच्या शिक्षकांना आणि पालक-शिक्षक संघांना ती मालिका, निदान तिचा दुसरा व तिसरा भाग, पूर्ण दाखवावा. मुलांना दाखवायचा की नाही ते त्यानंतर शिक्षकांनी ठरवावे. आणि मंत्रिमहोदयांनी व विधानसभेतील सदस्यांनीही तो पाहावा, लेंटिन-मनोहर यांनी ‘तमस’ पाहिली तसा, निर्णयाआधी.

दुसरी मागणी पैशाची आहे. प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा आपला स्ट्रीमिंग मंच नोव्हेंबर २०२४मध्ये सुरू केला, तो पणजीतच, इफ्फीच्या उद्घाटनाच्या व्यासपीठावरून. सरकारी असल्यामुळे त्याला दर आठवड्याच्या टीआरपीवर जगावे लागत नाही. राज्य सरकार दरवर्षी इफ्फीचे यजमानपद मिरवते. त्या दोघांनी मिळून वर्षाला एक, चार भागांची, मराठी किंवा कोंकणी, गोव्यातल्या किंवा सीमाभागातल्या जगण्यावरची मालिका काढायचे ठरवले, तर लेखक मिळतील. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी नवी संहिता घेऊन उतरणारी माणसे फोंड्यात आहेत, पेडण्यात आहेत, काणकोणात आहेत. नट तर जत्रेजत्रेत आहेत. रात्रभर प्रेक्षक धरून ठेवण्याचे शिक्षण त्यांना कुणी द्यावे लागणार नाही. चार तासांत गोष्ट आवरून उठायची, एवढेच त्यांना नव्याने शिकावे लागेल.

येत्या नोव्हेंबरात इफ्फी पुन्हा भरेल आणि वेब मालिकेचा पुरस्कार पुन्हा जाहीर होईल. अर्थसंकल्पी अधिवेशन त्याच्या पुष्कळ आधी आहे.